डावं फूल, उजवं फूल

आईची पहाटे उठून फुलं काढायची सवय हुबळीपासूनची. २०१९ साली अण्णा गेले, हुबळीचं घर आवरलं आणि ती माझ्याकडे बंगळूरला आली. येताना तिने हट्टाने दोन गोष्टी मांडीवर धरून आणल्या: देवांचा डबा आणि फुलांची वेताची परडी. आम्ही राहतो त्या घराच्या आवारात एक दासवाळ आहे आणि एक तगर. दासवाळ म्हणजे जास्वंद. आमच्यासारख्या हुबळीकडच्या मराठी घरात हा कन्नड शब्दच तोंडात बसलेला आहे.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते आणि आई परडी पुढ्यात घेऊन ताटात फुलं लावत बसली होती. पाहिलं तर दासवाळांचे दोन ढीग केलेले. एकात सात, दुसऱ्यात नऊ.

"हे काय? वाटणी कोणाची?"

"वाटणी नव्हे गं. ही डावरी, ही उजवी."

मी चप्पल काढून खाली बसले. तिने एक फूल हातात दिलं. एकेरी दासवाळीच्या पाच पाकळ्या एकमेकींवर थोड्या थोड्या चढलेल्या असतात. प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, चुणीदार पदर खोचावा तशी. काही फुलांत हा चढ एका दिशेने फिरतो, काहींत बरोबर उलट. झाड एकच, फांदीही कधी कधी एकच. तगरीचं मात्र तसं नाही, ती म्हणाली. तगरीच्या पाकळ्या फिरकीसारख्या एकाच बाजूला वळलेल्या. आयुष्यभर तगरीचे हार केले, पण उलट वळलेलं एक फूल हाताला लागलं नाही.

"एवढ्या लाखो फुलांना एकच बाजू कोणी शिकवली? आणि तू म्हणतेस देव नाही."

मी असं कधी तोंडाने म्हटलेलं नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि देवापुढे बसत नाही, एवढ्यावरून तिने ते ठरवलेलं आहे. एरवी मी हसून उठले असते. त्या दिवशी उठले नाही, कारण पंचवीस वर्षं जीवशास्त्रात घालवून दासवाळीच्या पाकळ्यांकडे मी अशी कधी पाहिली नव्हते.

आईचा हा युक्तिवाद मूळचा अण्णांचा. ते शाळेत संस्कृत शिकवायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना पाण्याच्या माठाकडे बोट दाखवून विचारायचे, "हा आपोआप झाला का?" मी म्हणायचे, नाही, कुंभाराने केला. "मग पृथ्वी?" तेव्हा मला वाटायचं, हा प्रश्न अण्णांनीच शोधून काढला. मोठेपणी कळलं की तो हजार वर्षांहून जुना आहे. न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' रचली ती ईश्वर सिद्ध करण्यासाठीच. जे जे कार्य आहे त्याला कर्ता आहे, घटाला कुंभार तसा जगाला ईश्वर, हा त्यांतला एक मुख्य आधार. इंग्लंडात १८०२ साली विल्यम पेलीने माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला देऊन जवळपास हेच सांगितलं.

त्याहून उशिरा मला दुसरी गोष्ट कळली आणि ती मला अधिक आवडली. हा युक्तिवाद नाकारणाऱ्यांत फक्त बौद्ध, मीमांसक आणि चार्वाक नव्हते. रामानुजाचार्यांनीही 'श्रीभाष्या'त तो नाकारला आहे. ज्यांची सगळी शिकवण भक्तीवर उभी, ते म्हणतात की जगाकडे पाहून अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, त्याला श्रुतीच हवी. घडलेल्या वस्तूवरून घडवणारा ओळखायचा, तर तो एकच होता हे कशावरून? मोठा वाडा कधी एका माणसाने बांधलेला असतो का? आणि आपण पाहिलेला प्रत्येक कारागीर देहधारी आणि मर्यादित शक्तीचाच असतो. पुढे कितीतरी शतकांनी, १७७९ साली, डेव्हिड ह्यूमचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यातही जग कोणा नवशिक्याच्या हातचं असू शकेल, अनेकांचं मिळूनही असू शकेल, अशा शंका आहेत. एक परमभक्त आणि एक संशयवादी एकाच खिंडीत येऊन उभे राहतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. अण्णांना हे सांगायचं राहून गेलं.

तर दासवाळ. संध्याकाळी कॉलेजातून येताना मी ग्रंथालयात थोडी शोधाशोध केली आणि मला टी. अँटनी डेव्हिस भेटले. १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्यांच्या प्रोत्साहनाने डेव्हिस तिथे झाडांमधलं डावं-उजवं मोजत होते. नारळाच्या झावळ्या खोडाभोवती मळसूत्रासारख्या चढतात. काही माडांत हे मळसूत्र डावीकडे फिरतं, काहींत उजवीकडे. डेव्हिस यांनी हजारो माड पाहिले. डावे-उजवे जवळजवळ निम्मेनिम्मे निघाले. डाव्या माडाच्या नारळांतून डावेच माड उगवतात असंही नाही, दोन्ही उगवतात. म्हणजे बाजू बीजातून येत नाही. जास्वंदीच्या कुळातल्या फुलांवरही त्यांनी असंच काम केलं आणि तिथेही दोन्ही बाजू सापडल्या. तगर, चाफा, सदाफुली, कण्हेर हे दुसरं कुळ. तिथे प्रत्येकाची बाजू पिढ्यानपिढ्या ठरलेली.

हे सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला असणार. "आई, म्हणजे तू जे शोधलंस ते कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी शोधलं होतं! तगरीच्या बीजात बाजू लिहिलेली आहे. दासवाळीच्या बीजात फक्त एवढंच लिहिलंय की पाकळ्या एकीवर एक चढवायच्या. कुठल्या बाजूने, ते कळी धरताना ठरतं, नाणं उडवल्यासारखं. छापा की काटा."

आई खुश होईल असं वाटलं होतं. ती गप्प बसली. मग वाती वळता वळता म्हणाली, "आणि माणसाचं? आतलं डावं-उजवं कोण ठरवतं?"

प्रश्न कुठून आला ते मला कळायला क्षणभर लागला.

मला एक भाऊ होता. सप्टेंबर १९८० च्या दुसऱ्या आठवड्यात, पुरे दिवस भरून, हुबळीत जन्मला आणि एकोणिसाव्या दिवशी गेला. त्याचं हृदय उजव्या बाजूला होतं आणि आतली रचनाही बिघडलेली होती. जन्मल्यापासून तो निळसर दिसायचा. मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते फक्त झाकून ठेवलेलं पाळण्याचं भांडण: मला पाळणा हलवायचा होता आणि कोणी हलवू देत नव्हतं.

त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला, शनिवारी, सूर्यग्रहण झालं होतं. खग्रास पट्टा आमच्याच भागातून, हुबळी-गदगच्या परिसरातून गेला. दुर्बिणी घेऊन देशोदेशीचे शास्त्रज्ञ आले होते आणि गावातले रस्ते मात्र ओस पडले होते. दारं-खिडक्या लावून माणसं आत बसली होती. आई दोन महिन्यांची गरोदर होती. आजीने तिला माजघरात बसवून बजावलं होतं: चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईला हात लावायचा नाही, हलायचं नाही. भर दुपारी अंधारून आलं, पाखरं घरट्यांकडे फिरली, आणि त्या तासाभरात आईने सुई हातात घेतली.

हे मला ठाऊक होतं. घरात ते उघड कोणी बोलत नसे, पण प्रत्येक ग्रहणाला आजी आईकडे एकदा पाहायची आणि आई मान खाली घालायची. मी वाढले ती हे पाहत. कशासाठी सुई घेतली हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं.

"तुझ्या फ्रॉकचं बटण," आई म्हणाली. "तुटलं होतं. तू अंधाराला घाबरून रडत होतीस आणि तुला तोच पिवळा फ्रॉक हवा होता."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले. मग वही-पेन घेऊन परत आले.

आईपुढे मी कॅलेंडर मांडलं. पुरे दिवस भरलेलं मूल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जन्मलं, म्हणजे गर्भ राहिला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. माणसाच्या शरीरातलं डावं-उजवं ठरतं ते तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. तेव्हा गर्भ एखाद्या चपट्या चकतीसारखा असतो, त्याला हात ना पाय. त्या चकतीत एक छोटासा खळगा असतो. त्यात केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू सगळे एकाच दिशेने गरगरतात आणि थोडे कललेले असल्यामुळे तिथला द्रव डावीकडे वाहतो. त्या प्रवाहावरून गर्भाला कळतं की ही डावी बाजू. ज्यांचे असे तंतू हलतच नाहीत त्यांच्यात निम्म्यांची इंद्रियं आरशातल्यासारखी उलट असतात, यावर स्वीडनच्या ब्यॉर्न आफझेलियस यांनी १९७६ साली बोट ठेवलं होतं. उंदरांच्या गर्भात हा प्रवाह प्रत्यक्ष दिसला तो १९९८ साली, जपानमध्ये. सुमारे १०,००० माणसांत एकाची सगळी इंद्रियं उलट असतात आणि ती माणसं बहुधा ठणठणीत जगतात. कित्येकांना छातीचा एक्स-रे काढेपर्यंत पत्ताही नसतो. दुखणं होतं ते अर्धं इकडे, अर्धं तिकडे झालं की.

"म्हणजे बघ, हे सगळं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठरून गेलं. ग्रहण फेब्रुवारीच्या मध्याला. पाच आठवड्यांनी. तू सुई घेतलीस तेव्हा त्याचं हृदय उजवीकडे वळून धडधडतही होतं."

आईने बोटांच्या पेरांवर आठवडे मोजले. दोनदा मोजले. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव येईल म्हणून मी पाहत राहिले. ती म्हणाली, "मग जानेवारीत मी काय केलं?"

बेचाळीस वर्षांचं ओझं एका तारखेवरून उचलावं आणि ते दुसऱ्या तारखेवर जाऊन बसावं, असं ते झालं. मी म्हटलं, काही नाही. संक्रांतीचा तीळगूळ केला असशील. हळदीकुंकवाला गेली असशील. ती ऐकत नव्हती. तीळ उष्ण, असं काहीतरी पुटपुटली.

त्या वेळी मला कळलं की माझं कॅलेंडर कुठे कमी पडत होतं. ज्या मनाला सगळीकडे कर्ता दिसतो, त्याला बिघाडातही कर्ता दिसणारच. पाच पाकळ्या कोणी मोजून दिल्या, हा प्रश्न आणि बाळाचं हृदय कोणी फिरवलं, हा प्रश्न एकाच धाटणीचे आहेत. पहिल्याचं उत्तर देव म्हणून मिळतं. दुसऱ्याच्या वेळी देवाकडे बोट दाखवायला जीभ रेटत नाही, म्हणून बोट खाली येतं, आणि आमच्या घरांत ते बहुतेक वेळा सुनेपाशी येऊन थांबतं. जगाच्या सुबकपणावरून ईश्वर सिद्ध करणाऱ्या ग्रंथांत या खालच्या बोटाचा हिशेब मला कुठे दिसलेला नाही.

मी देवघरातून ताट आणलं. सकाळची दासवाळं मिटायला लागली होती, पण पाकळ्यांचा चढ अजून ओळखू येत होता. एक डावं आणि एक उजवं फूल तिच्या हातात दिलं.

"ही एकाच फांदीची?"

"हो."

"पाणी एकच, ऊन एकच, माती एकच. मग या डाव्याच्या वेळी झाडाने काय केलं?"

आई बराच वेळ फुलं फिरवून पाहत राहिली. "झाड काय करणार," ती म्हणाली. "झाडाने काही नाही केलं."

मी पुढे बोलले नाही. माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं कुठे काय अडलं, याची तपासणी तेव्हा कोणी केली नाही आणि आता होणार नाही. पण झाडाने काही केलं नाही, हे आई स्वतःच्या तोंडाने म्हणाली, आणि मग पदराने डोळे पुसत बसली. हुबळीत मी तिला त्या मुलासाठी रडताना कधी पाहिलं नव्हतं. अपराध्याला रडण्याची सोय नसते.

कुणाला वाटेल की त्या रात्रीनंतर आईचा देव डळमळला. तसं काहीच झालं नाही. चारच दिवसांनी तिने मला गाठलं. "ते तंतू म्हणालीस ना गरगरतात, ते सगळे एकाच दिशेने का गरगरतात?" मी म्हटलं, ते ज्या रेणूंचे बनलेत त्या रेणूंनाच डावं-उजवं असतं म्हणून. सगळ्या सजीवांची प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात. "आणि ती डावीच का?" इथे माझं उत्तर संपलं. त्यावर शास्त्रज्ञांची अनेक अनुमानं आहेत, एकमत नाही. आई विजयी मुद्रेने शेंगा निवडायला लागली.

मला तिचं ते जिंकणं मान्य आहे. 'कसं' या प्रश्नाचा जिना उतरत गेलं की प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असते आणि शेवटच्या पायरीवर उभं राहून कोणी 'देव' म्हटलं तर त्याला खोटं पाडण्याचं साधन माझ्याकडे नाही. एवढंच म्हणता येतं की अण्णांच्या माठापासून आपण फार खाली आलो. आता पाकळ्या मोजणारा, बाजू ठरवणारा कोणी उरला नाही. फार तर रेणूंचे नियम करून बाजूला झालेला कोणीतरी. नारळाला निम्मी झाडं डावी आणि निम्मी उजवी मिळतात यात सुव्यवस्था आहेच, आकड्यांची सुरेख सुव्यवस्था. पण ती असंख्य वेळा उडवलेल्या नाण्याची आहे. तिच्यात एकेका माडाच्या बाजूबद्दल कोणाची इच्छा वाचता येत नाही.

हे मी आईला माझ्या परीने सांगितलं. तिने शेंगेची शीर काढत उत्तर दिलं, ते मी जसंच्या तसं लिहिते. "कुंभाराच्या आव्यातली दोन-चार मडकी तडकतातच. त्याला काय ती तडकवायची असतात? आच त्याच्या हातात नसते."

अण्णा असते तर त्यांनी लगेच अडवलं असतं. आच ज्याच्या हातात नाही तो सर्वशक्तिमान कसा? उदयनाचार्यांचा ईश्वर असा नाही. रामानुजाचार्यांनी तर आधीच बजावलं होतं की कुंभारावरून ईश्वराकडे निघालात तर कुंभाराएवढाच ईश्वर हाती लागेल. आईला ते चालतं. सगळं करू शकणाऱ्या देवापुढे ती बेचाळीस वर्षं खाली मान घालून बसली होती. या आच न आवरणाऱ्या कुंभाराशी ती हल्ली बोलते, कधी कधी भांडतेसुद्धा, ते मला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. मला स्वतःला कुंभार लागत नाही. आच आणि माती एवढ्यावर माझं भागतं. दोघींच्या हिशेबात एक गोष्ट सारखी आहे: मडकं तडकलं यात मातीचा दोष नाही.

त्या वर्षी दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, पुन्हा सूर्यग्रहण आलं. खंडग्रास होतं, बंगळूरला संध्याकाळी मावळतीच्या सुमारास दिसलं. आईने नेहमीप्रमाणे पाण्यावर, दह्यावर, लोणच्याच्या बरणीवर दर्भ ठेवले. मी काही बोलले नाही. खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. ती मुलगी पाचव्या महिन्यात होती. दुपारपासून तिला पडदे ओढून आतल्या खोलीत बसवलं होतं आणि तिची सासू गावाहून तासातासाने फोन करत होती.

चारच्या सुमाराला आई चष्मा आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन खाली निघाली. मी जिन्यापर्यंत मागे गेले. दार उघडं होतं. आई त्या मुलीच्या पलंगावर टेकली आणि कन्नडमध्ये म्हणाली की दिवाळीच्या गडबडीत काही उसवलं-बिसवलं असेल तर काढ, मी बसल्या बसल्या शिवून देते. मुलगी घाबरून म्हणाली, "अज्जी, आज सुई नको." आईने दोरा ओवला. "तू नको धरूस. मी धरते. त्याने काही होत नाही बाळ, माझ्या मुलीने वहीत मांडून दाखवलंय."

मुलीने थोडा वेळ आईकडे पाहिलं. मग उठून कपाटातून नवऱ्याचा सदरा काढून दिला.

ग्रहण सुटल्यावर आई वर आली, डोक्यावरून न्हाली, दर्भ काढून टाकले आणि देवापुढे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी परडीत अकरा दासवाळं होती. तिने ती वेगळी केली नाहीत. मी विचारलं, आज किती डावी? म्हणाली, तूच मोज, मला हार करायचाय.